इंदूवहिनींची अर्धी किल्ली

रेणुकादास कंधारकर कोषागारातून निवृत्त झाले आणि मी टेलिफोन खात्यातून. त्यांनी नोकरी टेबलाशी बसून केली, मी खड्ड्यात उभं राहून. चर खणायचा, केबल अंथरायची, वर विटा लावायच्या, माती दाबायची, हे माझं काम. नांदेडात आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर आहेत. माझं नाव श्रीमंत. या नावावर गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विनोद केला. रेणुकादासांनी कधी केला नाही. ते मला श्रीमंतराव म्हणतात. मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो आणि त्यांच्या बायकोला वहिनी.

कोषागारात तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं असतात. एक किल्ली साहेबाकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. खजिनदाराची किल्ली भाऊसाहेबांकडे होती, आधी किनवटला आणि मग नांदेडला. किल्ली दुसऱ्याच्या हाती देता येते, फक्त तसा कागद करावा लागतो. तो कागद करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. एकदा अंगात ताप असताना ते सायकलवर कचेरीत गेले. दार उघडून दिलं, बाकावर आडवे झाले, संध्याकाळी दार लावलं आणि मग घरी आले. मला हा माणूस आवडला तो यासाठी. काम अंगावर घेतलं की पूर्ण करायचं, मध्ये सोडायचं नाही.

हीच रीत त्यांनी घरात आणली. लोखंडी कपाटाला एक कुलूप होतंच, त्यांनी कडी लावून दुसरं बसवलं. एक किल्ली त्यांच्याकडे, एक इंदूवहिनींकडे. वहिनी बालवाडीच्या बाई होत्या, हसऱ्या. त्या सांगायच्या, "आमचं भांडण झालं की दोघांनाही कालचेच कपडे. मनस्विनीनं मध्ये पडून समेट केला की मग इस्त्रीची साडी."

"आणि भाऊसाहेबांचं?" मी विचारायचो.

"त्यांना काय, दोन दिवस एकच सदरा. कचेरीत कुणाला कळतंय."

मनस्विनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन कॅनडाला गेली.

भाऊसाहेबांचे एक सोबती होते, अमरनाथ. त्यांना फोनवर कुणीतरी पोलीस असल्याचं सांगून धमकावलं आणि त्यांच्या खात्यातली सगळी शिल्लक काढून घेतली. अमरनाथ त्यानंतर घराबाहेर पडेनासे झाले. भाऊसाहेब त्यांना भेटून आले आणि त्यांनी लगेच आपल्या भाच्याला फोन लावला. भाचा आलोक लातूरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटरचं सगळं बघतो. त्याला म्हणाले, "घरात इंटरनेट येतं तिथं दारवान बसव. कोण येतं, कोण जातं, तपासल्याशिवाय सोडायचं नाही."

आलोकने एक पेटी आणली. फायरवॉल म्हणतात तिला. बाहेरची वायर आधी या पेटीत शिरते, पेटी सगळं तपासते आणि मग घरात सोडते. क्लासने नवी पेटी घेतली होती, ही त्यांची जुनी. चांगली चालू होती. तिला उघडायचा पासवर्ड तेवढा बदलायचा होता.

भाऊसाहेब म्हणाले, "अर्धा मी टाकतो. अर्धा ही टाकेल."

आलोक हसला. "मामा, बँकेत पण असं नसतं."

"कोषागारात असतं."

भाऊसाहेबांनी अर्धा पासवर्ड टाकला तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वहिनी टाकत असताना भाऊसाहेब अंगणात गेले. मी हे पाहिलं आहे, मी तिथे चहा पीत होतो. वहिनी एका बोटाने अक्षरं शोधत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. काय टाकलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. भाऊसाहेबांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन किल्ल्यांना अर्थ काय राहिला?

पुढे वहिनी विसरू लागल्या. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्या दुपारी ओट्यावर येऊन टाळ्या वाजवू लागल्या. मधली सुटी संपली, चला आत, असं म्हणायच्या. गल्लीत एकही मूल नसायचं. भाऊसाहेब बाहेर येऊन म्हणायचे, "बसली हं मुलं सगळी." मग त्या आत जायच्या.

डॉक्टर म्हणाले, आजार परत फिरणार नाही, पण जवळच्या माणसांचे चेहरे रोज दाखवा, आवाज ऐकवा. ओळख जितकी टिकेल तितकी टिकवा. मनस्विनीला येता येत नव्हतं. तिकडे कायम राहण्याचे कागद अडकले होते. देश सोडला तर परत जाता येईल याची खात्री नव्हती आणि मूल लहान. तोवर ती साधा फोन करायची. आता तिने रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं.

पहिल्याच कॉलला चित्र अडकलं. मनस्विनीचं तोंड उघडं राहिलं, डोळे अर्धे मिटलेले. आवाज मागाहून तुकड्यातुकड्यांनी आला. वहिनी घाबरल्या. "हिला काय झालं?" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

रोज हेच व्हायचं. चित्र चौकटी चौकटी होऊन फुटायचं. मनस्विनी तिकडून "आई, आई" म्हणायची, ते इकडे नुसतं "ई... ई" असं पोचायचं. वहिनींना बोलणारा, हलणारा चेहरा पाहिजे होता. गोठलेल्या चेहऱ्याला त्या ओळखत नव्हत्या, भीत होत्या. घरात मोबाइलला रेंज नाही, ती गच्चीवर मिळते. एकदा त्यांना गच्चीवर नेलं. उतरताना त्या जिन्यातच खाली बसल्या आणि कठड्याला धरून रडल्या. पुन्हा नेलं नाही.

मग आम्ही दोष शोधायला लागलो. कंपनीचा माणूस आला, खांबावर चढला, म्हणाला, "इथपर्यंत स्पीड फुल्ल आहे, काका. तुमच्या घरात काही असेल." आणि गेला. मी कंपनीने टाकलेली वायर पाहिली. पेरूच्या झाडावरून आणून कपडे वाळत घालायच्या तारेला गुंडाळली होती. असं काम करणाऱ्याला मी माझ्या टोळीत उभं केलं नसतं. मी अंगणात चर खणला, पाइप टाकला, नवी वायर खांबापासून खोलीपर्यंत नीट आणली. कुठे वाक नाही, कुठे ताण नाही. भाऊसाहेब शेजारी उभे राहून विटा देत होते.

वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "काय पुरून राहिलात?"

"इंटरनेट, वहिनी."

"उगवतं का ते?"

आम्ही तिघंही हसलो. ते त्या घरातलं शेवटचं मोकळं हसणं होतं.

वायर बदलून काही झालं नाही. काम चांगलं झालं होतं, दोष तिथे नव्हता. वायफायची डबी जवळ आणली. टीव्ही बंद ठेवला. शेजारच्यांना पासवर्ड दिला होता तो काढून घेतला. भाऊसाहेबांचा जुना लॅपटॉप बाजूला ठेवून नवा घेतला. बातम्या झटकन उघडायच्या, भजनं लागायची, फक्त व्हिडिओ कॉल अडकायचा. आम्हाला वाटलं, कॅनडा लांब आहे म्हणून असेल. या सगळ्यात उन्हाळा गेला. वहिनी आता मनस्विनीचं नाव घेताना थांबू लागल्या होत्या. ते जिभेवर यायचं आणि मग निसटायचं.

शेवटी आलोक लातूरहून आला. अहमदपूर, लोहा करत बस दुपारी पोचली. वहिनी आत झोपल्या होत्या. आलोकने पेटीकडे बघितलं आणि तिच्यातून बाहेरची वायर काढून सरळ लॅपटॉपला लावली. मनस्विनीला कॉल केला, तिकडे पहाट होत होती. ती लागलीच दिसली, समोरच्या खुर्चीत बसल्यासारखी. कानाजवळचे पिकलेले केस दिसले. भाऊसाहेबांनी खूप दिवसांनी मुलीचा चेहरा नीट पाहिला.

"बाबा, किती वाळलात," ती म्हणाली.

आलोक म्हणाला, "मामा, मामींना उठवू का?"

भाऊसाहेबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "झोपू दे. रात्रभर जागी होती. आता दोष सापडला ना? पेटी दुरुस्त करू, मग रोजच दिसेल."

मनस्विनीही म्हणाली, झोपू द्या. मीही मान हलवली. त्या वेळी ते बरोबरच वाटलं.

दोष असा होता. पेटी क्लासमधली. तिथे शेकडो पोरं शिकतात. ती फोनवर सिनेमे बघत बसू नयेत म्हणून पेटीत नियम घातला होता, की व्हिडिओला सगळ्यात कमी वाट द्यायची. बाकी सगळं आधी जाऊ द्यायचं, व्हिडिओ थेंब थेंब सोडायचा. पेटी घरी आली तेव्हा आलोकने पासवर्ड तेवढा बदलून घेतला, हा नियम मात्र तसाच राहिला. पेटी इमानाने आपलं काम करत होती. आलोकने कपाळाला हात लावला. "त्या नियमापुढची एक खूण काढायची आहे, मामा. पेटी उघडली की झालं."

वहिनी उठल्या. भाऊसाहेबांनी आपला अर्धा पासवर्ड टाकला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. स्वतः अंगणात गेले, पहिल्या वेळेसारखे.

वहिनींनी पदर नीट केला. बोट उचललं. ते अक्षरांवरून फिरत राहिलं. एक दाबलं. मग माझ्याकडे बघून हसल्या. पाहुण्यांसमोर चूक झाल्यावर माणूस हसतो तसं.

"आठवा बरं मामी," आलोक म्हणाला. "मनस्विनीचं नाव होतं का? बालवाडीचं काही?"

"होतं," त्या म्हणाल्या. "चांगलं होतं."

आलोकने डोकं चालवून बरीच नावं टाकून पाहिली. पेटी दर वेळी नाही म्हणाली आणि मग काही वेळ बोलेनाशीच झाली. आलोक म्हणाला, "मागे बारीक भोक आहे. टाचणी घालून दाबून धरली की सगळं पुसलं जातं. पासवर्ड, नियम, सगळं. मग नव्यानं बसवतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

भाऊसाहेब अंगणातून आत आले. "नको."

"मामा, ऐकून तर घ्या."

"किल्ली तिच्याजवळ आहे. आज नाही आठवली, उद्या आठवेल."

"बरं, मग पेटी बाजूलाच ठेवू. कॉलपुरती वायर सरळ लावा."

"किल्ली सापडेना म्हणून तिजोरी रस्त्यावर ठेवायची का?"

आलोकने माझ्याकडे पाहिलं. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हाताने वायर पुन्हा पेटीत घातली. संध्याकाळच्या बसने आलोक लातूरला परत गेला. मनस्विनीचा कॉल आला आणि तिचं तोंड उघडं राहून गोठलं.

यानंतर भाऊसाहेबांनी नेम सुरू केला. रोज दिवे लागले की वहिनींना लॅपटॉपसमोर बसवायचे, आपला अर्धा भाग टाकायचे आणि अंगणात जाऊन उभे राहायचे. वहिनी काहीतरी दाबायच्या. ते आत येऊन बघायचे. "हरकत नाही," म्हणायचे. "उद्या." मग मनस्विनीचा कॉल. मग वहिनी घाबरून उठायच्या. एकदा मनस्विनी तिकडून रडली, तेही तुकड्यातुकड्यांनीच आलं.

मी चिडलो. आयुष्यभर मी फुकट मेहनत करणाऱ्या माणसांवर चिडत आलो. खडक लागला की कुदळ मारत बसू नये, चराची दिशा बदलावी. एका संध्याकाळी मी अंगणात त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"भाऊसाहेब, हे लई झालं आता. पोरगी तिकडं रडून राहिली, वहिनी इकडं. एक टाचणी घालायची हाय, तुम्ही काय अडून बसलात?"

त्यांनी आत वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, "श्रीमंतराव, टाचणी घातली तर तिच्या किल्लीची गरजच उरत नाही."

"मग?"

"घरात तिच्यावाचून अडतं अशी एवढीच एक गोष्ट राहिली आहे. स्वयंपाक मी करतो. कपाटाची किल्ली तिनं कुठं ठेवली ते तिला माहीत नाही, ते कुलूप मी तोडलं. ही पेटी तेवढी तिच्याशिवाय उघडत नाही. मी पुसून टाकलं, तर मीच म्हटल्यासारखं होईल की ती गेली."

"पण वहिनी आतच हायत की."

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच."

मी घरी आलो.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. मी आत बसलो होतो. भाऊसाहेबांनी आपला भाग टाकला, खुर्ची सरकवली आणि अंगणात जायला वळले. वहिनी खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या, हात जोडले.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला नाही येत हो. मी काही घेतलेलं नाही. मला घरी जाऊ द्या. मुलं थांबली असतील."

त्या भाऊसाहेबांकडे बघून बोलत होत्या. रोज संध्याकाळी कुणीतरी साहेब आपल्याला बसवतो, विचारतो आणि आपल्याला उत्तर येत नाही, एवढंच त्यांच्या मनात उरलं होतं. ती भीती आम्ही रोज त्यांना देत होतो.

भाऊसाहेबांनी त्यांचे हात धरले. हळूच सोडवले. म्हणाले, "झालं बाई. सगळं बरोबर निघालं. तुमच्यावर कसला आळ नाही." त्यांना आत नेऊन पलंगावर बसवलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दिनदर्शिकेला लावलेली टाचणी होती.

"धरा पेटी," म्हणाले.

मी पेटी उलटी धरली. त्यांनी आलोकला फोन लावला आणि गच्चीच्या जिन्यात, जिथे थोडी रेंज येते तिथे ठेवला. आलोक तिथून ओरडून सांगत होता. "दाबून धरा, मामा. सोडू नका. दिवे विझेपर्यंत धरा." भाऊसाहेबांचं बोट पांढरं पडलं. मी म्हणालो, आणा इकडे, मी धरतो. त्यांनी मान हलवली. दिवे विझले. मग एक हिरवा दिवा लागला. पेटी कोरी झाली.

आलोकने सगळं नव्याने सांगितलं. पासवर्ड भाऊसाहेबांनी एकट्याने टाकला. ते टाकत असताना मी भिंतीकडे तोंड केलं. ते म्हणाले, "असू द्या, श्रीमंतराव. बघा काय बघायचं ते."

दुसऱ्या दिवशी मनस्विनीचा कॉल आला. भाऊसाहेबांनी वहिनींना बेताने आणून बसवलं. चित्र स्वच्छ होतं. मनस्विनीने बहुतेक मुद्दाम नांदेडहून नेलेली साडी नेसली होती. ती हसली. चित्र अडकलं नाही. ओठ हलले तसा आवाज आला.

वहिनी घाबरल्या नाहीत. पुढे सरकून नीट बघत राहिल्या. भाऊसाहेब खुर्चीच्या मागे उभे होते, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर.

"नमस्कार," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कुणीकडच्या?"

मनस्विनीचा चेहरा हलला नाही. क्षणभर मला वाटलं, पुन्हा अडकलं. पण मागे तिचं मूल चालताना दिसत होतं. लाइन चालू होती.

"मी नांदेडचीच," ती म्हणाली. "आता कॅनडात असते."

"असं का? बसा ना. चहा घेतला?"

"घेतला. तुम्ही?"

"आमच्याकडे हेच करतात चहा," वहिनी म्हणाल्या आणि मागे न बघता भाऊसाहेबांकडे बोट केलं. "चांगले आहेत स्वभावाने. कुणाचे कोण, पण करतात."

भाऊसाहेब हलले नाहीत.

आता त्या गोष्टीला बरेच महिने झाले. मनस्विनीचे कागद अजून अडकलेलेच आहेत. कॉल रोज येतो, एकदाही तुटत नाही. वहिनी त्या वेळेला केस विंचरून तयार बसतात, कॅनडाच्या बाई बोलायला येणार म्हणून. त्यांना त्या बाई आवडतात. मनस्विनीने सुरुवातीला दोन-तीनदा, "अगं आई, मी मनू," असं म्हणून पाहिलं. वहिनी गोंधळून गप्प झाल्या आणि कॉल संपेपर्यंत गप्पच राहिल्या. तेव्हापासून ती तसं म्हणत नाही. ती कॅनडाची बाई होऊन बोलते, बर्फाचं सांगते, तिकडच्या भाज्यांचे भाव सांगते.

परवा मी गेलो तेव्हा कॉल चालू होता. भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या दारात, पडद्यावर दिसणार नाहीत अशा जागी, भाकरीच्या पिठाच्या हातांनी उभे होते. वहिनी आवाज बारीक करून त्या बाईंना काही सांगत होत्या.

"माझी मुलगी पण तिकडेच असते. तिचा फोन यायचा, पण नीट लागायचा नाही. तोंड असं उघडंच राहायचं तिचं." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "आता येतच नाही. तुम्हाला कुठे भेटली तर सांगा, आई वाट बघते म्हणून."

"सांगते," मनस्विनी म्हणाली.

"विसराल."

"नाही विसरणार."

भाऊसाहेब आत वळले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला, मग थांबला, मग बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला.